‘आम्ही’मधला ‘मी’

मुलाखतीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो: ‘अडचणीचा एखादा प्रसंग सांगा, तुम्ही काय केलंत?’ आपल्याला तो कालपरवाचा वाटतो. मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना जॉन फ्लॅनगन आणि सहकारी वैमानिकांची मतं नव्हे, घडलेले प्रसंग गोळा करत होते. ती पद्धत त्यांनी १९५४ साली मांडली. टॉम जॅन्झ यांनी तशा मुलाखतीचा अभ्यास १९८२ मध्ये छापला. त्याच जानेवारीत इकडे गिरणी संप सुरू झाला. जॉबरच्या ओळखीनं जिथे माणूस कामाला लागायचा, तिथे असा प्रश्न विचारतो कोण!

आता गिरगावातल्या मुलाकडे प्रसंगांना तोटा नाही. केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा. वर्गणी, मांडव, परवानग्या, विसर्जन, हिशोब. अशा मंडळांत आपण सगळेच वाढलो. पण मुलाखतीत तो म्हणतो, ‘आम्ही वर्गणी जमवली, आम्ही मार्ग काढला.’ समोरचा ‘मी’ शोधत बसतो आणि गुण जातात. हा काही बुजरेपणा नव्हे. चाळीत काम खरोखरच ‘आम्ही’ करतो, असं आम्हाला तरी वाटतं.

म्हणून गोष्ट रचायची नाही, वही उघडायची. पावत्या कोणी फाडल्या? तूट कधी दिसली? आधी कोणाचं दार वाजवलंत? शेवटी किती भरून निघाली? तेवढ्यालाच ‘मी’ म्हणायचं. बाकीचं खुशाल ‘आम्ही’ राहू द्या.