बी. ए. च्या पदवीचा जमाखर्च

देवस्थानच्या अग्रशाळेत महाजन मंडळी शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन बसली, की वैद्यक वा यंत्रविद्या शिकू इच्छिणाऱ्याचे नाव पुष्कळदा बिनबोभाट मंजूर होते. इतिहास, तत्त्वज्ञान किंवा संस्कृत घेणाऱ्याच्या नावापाशी मात्र चर्चा अडते. एवढा पैसा घालून यातून मिळणार काय? प्रश्न गैर नाही. ज्यांच्या देणगीतून निधी उभा राहतो, त्यांस तो विचारण्याचा अधिकार आहेच. परंतु तो काही आजचा नव्हे. गेल्या शतकाच्याही मागे, १८८० नंतरच्या दशकात, पुण्यातील काही पदवीधरांनी या प्रश्नाचा जमाखर्च स्वतःच्या संसारावर मांडून पाहिला. त्यातील खर्चाची बाजू आपण सहसा वाचीत नाही, म्हणून ती येथे आरंभी मांडतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवीत. १८८१ साली गोपाळराव मॅट्रिक झाले, तेव्हा आपणही आता नोकरी करावी असे त्यांच्या मनात आले. पण बंधूंनी ते मानले नाही, आणि कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी आपले दागिने पुढे केले, असे चरित्रकार सांगतात. १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. विद्यापीठाच्या दप्तरी पदवी एकाच्या नावे लागली खरी. वस्तुतः ती तिघांची होती.

आता जमेची बाजू. त्या काळी बी. ए. म्हणजे सरकारी नोकरीचा किंवा वकिलीचा दरवाजा. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांस रत्नागिरीच्या सरकारी शाळेत दरमहा १०० रुपये होते. ती नोकरी त्यांनी १८७९ साली सोडली आणि १८८० च्या जानेवारीत टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. येथील आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावयाची. वेतन प्रारंभी अगदीच अल्प, तेच पुढे ७५ रुपयांवर स्थिरावले. गोखले १८८५ च्या आरंभी ३५ रुपयांवर शिक्षक झाले, ते कायद्याचा अभ्यास करीत करीत. घरच्यांची दृष्टी वकिलीवर होती. आजीव सभासद व्हावयाचे तर वडीलभावाची संमती हवी होती, आणि ती मिळण्यास वेळ लागला. ज्याने सातांत घर चालविले, त्याने आता पंचाहत्तरांत समाधान मानावे, हे मागणे लहान नव्हते. गोविंदरावांनी अखेर होकार दिला. हा होकार आम्हांस त्या ८ रुपयांहून मोठा वाटतो.

अशा व्रतस्थ संस्थेतही पैशाचा प्रश्न सुटला नाही. जेझुइट पंथीयांप्रमाणे अल्प वेतनात राहून सारा वेळ संस्थेसच द्यावा आणि बाहेरची मिळकत वैयक्तिक समजू नये, हा टिळकांचा आग्रह होता. वेतन थोडे वाढवावे, असे आगरकरांचे म्हणणे होते. इंदूरच्या होळकर महाराजांनी दिलेल्या ७०० रुपयांच्या देणगीवरूनही तंटा माजला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे काम पत्करले, त्यालाही टिळकांचा विरोध होता. १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी चरितार्थासाठी कायद्याचा वर्ग चालविला आणि निजामाच्या राज्यात, लातूर येथे, भागीदारीत सरकीचा कारखानाही काढला. वादात तत्त्व टिळकांच्या बाजूस होते, असेच आम्ही म्हणू. परंतु टेंभूच्या दरिद्री घरातून आलेल्या, एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा करू नये असे आईला आधीच कळवून ठेवणाऱ्या आगरकरांनी जेव्हा अधिक मागितले, तेव्हा ते स्वतःच्या चैनीसाठी नव्हते. आगरकर १८९५ साली, वयाची चाळिशीही न गाठता, प्राचार्यपदावर असतानाच वारले. मागे यशोदाबाई आणि मुले राहिली. तत्त्वाच्या वादात त्यांचे मत कोणी विचारले नव्हते.

याच फर्ग्युसनमध्ये १९१२ पासून सुमारे सहा वर्षे पाली शिकविणारे धर्मानंद कोसंबी आमच्या गोमंतकातले, साखवाळचे. कलकत्ता विद्यापीठाचे वेतन कितीतरी अधिक असता, महाराष्ट्रात राहता यावे म्हणून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले होते. अट एवढीच, की दरवर्षी एक ग्रंथ लिहून द्यावा. पाली घेऊन पोट कसे भरणार, हा प्रश्न त्यांच्या विद्यार्थ्यांच्या घरीही निघालाच असेल. तरी त्या वर्गातून पु. वि. बापटांसारखे पालीचे पंडित निपजले. कोसंबींच्या स्वतःच्या नावापुढे पदवी नव्हती. ज्ञानासाठी ते १८९९ साली गोवा सोडून निघाले, तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे घरीच राहिल्या होत्या.