पट कुठून मांडायचा?

आमच्या वसईच्या अंगणात दिवाळीचा किल्ला होऊ लागला, त्याला आता साठ वर्षे होऊन गेली. विटा रचायच्या, त्यांवर चिखलात बुडवलेली पोती टाकायची, उतारावर अहळीव पेरायचे आणि शिखरावर महाराजांना बसवायचे. यंदा मात्र नातवाने ओसरीवर एक भला मोठा पुठ्ठा पसरला आणि मला विचारले, "आजोबा, गोष्ट कुठून सुरू करू?"

हा खेळ असा की, एक मुलगा सूत्रधार होतो आणि बाकीची मुले सोंगे घेतात. कोणी शिपाई, कोणी वैदू, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, सोंगे आपापली चाल ठरवतात आणि ती साधली की फसली हे वीस बाजूंचा फासा सांगतो. दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो बाजारात आणला. पण त्याचे मूळ प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या नकाशावरच्या युद्धखेळात, म्हणजे १८२४ पर्यंत जाते. चेटूक आणि राक्षस तेवढे मागाहून शिरले.

नातवाने पुठ्ठ्यावर वसईचा किल्ला काढला होता. जमीन दरवाजा, सागर दरवाजा, बुरूज, सगळे होते. चित्र सुरेख होते. पण गोष्ट तिथून सुरू करू नकोस, असे मी त्याला सांगितले. तटाशी गोष्ट सुरू झाली की माणूस एक तर आत असतो, नाही तर बाहेर. मग खेळायला उरते ती फक्त मारामारी.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लहानपणी आमच्या किल्ल्यावर शेजारचा एक ख्रिस्ती मुलगा खेळायला येई. मावळे आमचे, फिरंगी व्हायचे त्याने. दरसाल! एका दिवाळीला तो आलाच नाही. त्याच्या घरात आमच्या घरासारखीच मराठी बोलत, केळीची बाग आमच्या बागेला लागून होती. पण मला मात्र तो फिरंगीच वाटे.

इतिहास काय सांगतो? डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षे त्यांचा अंमल होता आणि धर्माच्या बाबतीत तो जाचकही होता, यात शंका नाही. अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे दाद मागायला गेले ते उगीच नव्हे. १७३७ साली ठाणे आणि अर्नाळा मराठ्यांनी घेतले. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईला वेढा घातला. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. खुश्कीने यायचे ते उत्तरेकडूनच. मे महिन्यात तटाखाली सुरुंग उडाले आणि किल्ला शरण आला. तहात शिबंदीला शस्त्रांसह निघून जाण्याची मुभा मिळाली आणि जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याचीही. निघून गेले ते फिरंगी. माझ्या मित्राचे पूर्वज राहिलेल्यांतले. एवढे साधे मला वयाच्या दहाव्या वर्षी कोणी सांगितले नाही.

म्हणून मी नातवाला म्हटले, "साल धर १७३६ आणि गाव धर पापडी."

मग आमचे सूत जमले. पापडीला तळे आहे, १५७४ सालापासूनचे चर्च आहे. भोवती पानवेली आणि केळीच्या बागा. दक्षिणेच्या वाटेने गेले की किल्ल्याचा दरवाजा. उत्तरेला सोपारा. तिथल्या बौद्ध स्तूपाच्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत आणि त्यातले धातूचे पात्र बाहेर पडले ते १८८२ साली! तेव्हा १७३६ च्या खेळगड्यांनी त्या टेकाडाखाली काय आहे याचे तर्कच करावेत. राक्षस बसवायचाच तर तिथे बसवावा. त्याही पलीकडे वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचे बेट. पूर्वेला अंजूर, तिकडून एक माणूस गुपचूप निरोप घेऊन यायचा आहे. गावात कोणाला त्याची वाट पाहायची आहे, कोणाला भीती आहे, तर कोणाला फक्त सुकेळी विकायची आहेत. सुरुवातीला एवढे पुरे. पुठ्ठ्याचा बाकीचा भाग मी कोराच ठेवायला लावला. नातू थोडा हिरमुसला.

संध्याकाळी मुले जमली. त्यांत माझ्या त्या मित्राची नातही होती. तिने तांडेलाचे सोंग मागितले आणि विचारले, "माझ्या होडीत काय भरलंय?"

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत बसलो.

"भात," तो म्हणाला. "किल्ल्यात पोचवायचंय. पण अंजूरचा माणूस धक्क्यावर उभा आहे."

तिने फासा उचलला आणि बराच वेळ हातातच खुळखुळवत ठेवला.