दोन मडक्यांतलं लेकरू



जालन्याहून पुण्याला निघालं की नगरच्या पुढं शिरूर लागतं. त्या तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथलं पांढरीचं टेकाड खोदलं. खाली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. चुली, धान्याच्या जागा, रंगवलेली भांडी. आणि घरांच्या जमिनीखाली लेकरं. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावलेली, आत तान्ह्याची हाडं. पुरलेल्यांत मोठ्या माणसांपेक्षा लेकरंच जास्त होती. आम्हाला तर ती मडकी आईच्या पोटासारखीच वाटतात. गेलेलं लेकरू गावाबाहेर नेलं नाही, घरातच ठेवलं.

राजांच्या बखरी असतात, तान्ह्याची कोण लिहिणार? पण ती दातांत असते. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात. त्या दिवसांत, किंवा जन्मल्यावर पहिल्या काही महिन्यांत, हाल झाले तर दातावर खड्डा राहतो. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन ल्यूकाक्स यांनी इनामगावच्या लेकरांचे सुळे तपासले. त्यांवरच्या खुणांचा संबंध त्यांनी बदलत्या हवामानाशी आणि खाण्याशी जोडला. उत्खनन करणारे म. के. ढवळीकर सांगत, की इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस घटला, शेती बसली, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. दुष्काळात आधी कुणाचं ताट रिकामं होतं, हे जालन्यात सांगायला नको.

त्याच पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत १९९३ साली दुसरा अभ्यास सुरू झाला, या वेळी जिवंत बायांचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आहाराचे अभ्यासक आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचे संशोधक त्यात होते. बाईला दिवस जाण्याआधीपासून नोंदी घेतल्या. ती काय खाते, शेतात किती राबते, पाणी किती आणते. पुढं बाळं जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोच्या आतच. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोच्या आसपास असतात. पालेभाजी, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त होतं त्यांची बाळं भरलेली, जड कामं करणाऱ्यांची लहान. लहान बाळं दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबी राखून होती. अशांना पुढं साखरेचा आजार लवकर गाठू शकतो, म्हणून ती लेकरं तरुण होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली.

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं आणि विचारलं, सातव्या महिन्यात हंडा कुणी कुणी उचलला? जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. मागं बसलेल्या एक आजी चिडल्या. म्हणाल्या, "आम्ही काय उचलला न्हाई? झालीच की लेकरं!"

आम्ही विचारलं, "आजी, पहिलं लेकरू किती किलोचं होतं?"

"तेव्हा कोण तोलतंय बाई," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "ते राहिलंबी न्हाई."