कार्बन साठवण, दख्खन पठारातील

कारखान्यांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून तो भूगर्भात कायमचा बंदिस्त करण्यास कार्बन साठवण म्हणतात. सिमेंट उद्योगाला तिची गरज विशेष आहे; कारण तेथील निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, तर चुनखडी भाजताना तिच्या विघटनातून निघतो आणि कोळसा बंद केला तरी तो थांबत नाही.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दख्खनचा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून झालेले सौम्य आम्ल या खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह सोडवते आणि त्यांपासून कार्बोनेट खनिजे बनतात. म्हणजे वायूचा अक्षरशः दगड होतो. आइसलँडमधील हेलिशेइदी येथे २०१२ मध्ये अशा रीतीने जमिनीत सोडलेला ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे आढळले. मात्र तो बेसाल्ट भूशास्त्रीयदृष्ट्या कोवळा व सच्छिद्र आहे. दख्खनमध्ये विहीर खणताना लागणारा मांजऱ्या खडक फोडला, तर लाव्ह्यातील बुडबुड्यांच्या पोकळ्या बहुधा पांढऱ्या झिओलाइट व कॅल्साइट स्फटिकांनी भरलेल्या दिसतात. वायूला हवी असलेली जागा निसर्गाने आधीच व्यापली आहे. त्यामुळे केवळ क्षेत्रफळ व जाडी यांच्या गुणाकारावरून काढलेली साठवणक्षमता फसवी ठरते.

जाडीही सर्वत्र सारखी नाही. कोयना परिसरातील वेधनात बेसाल्ट सुमारे सव्वा किमी. भरला, तर किल्लारीत ३३८ मी. खालीच तो संपला. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील सिमेंट कारखाने पठाराच्या पातळ कडेवर वा तिच्याबाहेर आहेत. उलट रायगडमधील पोलाद व रसायन उद्योगांखाली जाड थर आहेत, म्हणून आरंभ तेथे करणे अधिक सयुक्तिक होय.

हेलिशेइदी पद्धतीत दर टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. टँकरवर जगणाऱ्या मराठवाड्यात ते मागणे अन्यायाचे ठरेल. कोकण किनाऱ्यावर समुद्राचे पाणी वापरण्याचा पर्याय निदान विचारात घेता येतो, कारण प्रयोगशाळेत त्या पाण्यानेही ही अभिक्रिया घडते. शिवाय दाबाखाली द्रव सोडल्याने जुने प्रस्तरभंग हलू शकतात, आणि १९६७ चा कोयना भूकंप जलाशयाशी जोडला जात असल्याने येथे ही शंका गौण मानता येत नाही. भूकंप-अभ्यासासाठी कोयनेत खोलवरून काढलेले खडकांचे नमुने, त्यांतील भेगा व भरलेल्या पोकळ्या यांची या दृष्टीने तपासणी होणे कोणत्याही नकाशावरील अंदाजापेक्षा अधिक मोलाचे आहे.