व्हिएन्नातील बाळंतज्वर

व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात १८४० नंतर प्रसूतीच्या पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी. उपचार फुकट होते, मूल अनाथालयात ठेवता येई. म्हणून तेथे येत त्या बहुतेक गरीब, अविवाहित बायका. मोबदल्यात विद्यार्थी त्यांच्यावर हात बसवत. कोणत्या विभागात जायचे हे दाखल होण्याच्या दिवसावर ठरे. पहिल्याची पाळी निघाली की बायका गयावया करीत. काही जणी रस्त्यातच बाळंत होत आणि बहुधा वाचतही. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे ११ जणी बाळंतज्वराने गेल्या, दुसऱ्यात तीनही नाहीत.

मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागून प्राध्यापक कोलेच्का वारले. त्यांच्या देहात बाळंतिणींसारख्याच खुणा दिसल्या, तेव्हा पहिल्या विभागातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना उलगडा झाला: विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणी तपासायला येत आणि हाताला लागलेले विष बरोबर आणत. साबणाने धुऊनही हाताला प्रेताचा वास राही. तो घालवण्यासाठी मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली. ते महाग पडू लागल्यावर क्लोरीनयुक्त चुना आला. आपल्याकडे विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर हीच. १८४८ मध्ये मृत्यू शेकडा सव्वावर आले.

इतका स्वस्त उपाय तरीही रुजला नाही. डॉक्टरांचेच हात जीव घेतात हे त्यांना झोंबले. शिवाय सेमेलवाइस यांनी आपले पुस्तक १८६१ पर्यंत रखडवले. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात ते वारले तेही जखम चिघळून. बाळंतज्वराचा रोगजंतू पाश्चर यांनी १८७९ मध्ये दाखवला. ब्रिटनमध्ये मातामृत्यू खऱ्या अर्थाने घटू लागले ते १९३५ नंतर, सल्फा औषधांनी.

बाळंतज्वरासारख्या जंतुसंसर्गाने शरीराचे अवयव निकामी होतात त्याला आज सेप्सिस म्हणतात. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना तो झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, म्हणजे पाच मृत्यूंमागे एक, असा अंदाज आहे. यातले बहुसंख्य रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. अमेरिकेतील रुग्णालयांचा त्यावरचा खर्च २०१३ मध्येच सुमारे २४ अब्ज डॉलर होता. तेव्हा तिथल्या रुग्णालयांतला तो सर्वांत महागडा आजार होता. वाचलेल्यांना पुढे महिनोन्‌महिने अशक्तपणा आणि विसरभोळेपणा सतावतो. त्यात बुडालेली मजुरी मात्र या आकड्यात नाही.