पाठीवर लिहिलेला कायदा



मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळा कधी निघाली, पहिली पदवीधर कोण, हे आपण आवर्जून सांगतो. न्हाणीघराचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज मी आपणांस तोच सांगणार आहे. तो आहे अमेरिकेतला, आणि नव्या पिढीपुढे तो आला एका माहितीपटामुळे.

अमेरिकेतील येल हे विद्यापीठ १७०१ साली स्थापन झाले. तेथे पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळाला १९६९ मध्ये, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांनी. पुढे १९७२ साली अमेरिकन संसदेने कायदा केला. त्याचे नाव ‘टायटल नाइन’. सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ इंग्रजी कलम अवघ्या सदतीस शब्दांचे आहे आणि त्यात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही! या कायद्यासाठी झटणाऱ्यांत पॅट्सी मिंक या हवाईच्या प्रतिनिधी होत्या. तरुणपणी त्यांना डॉक्टर व्हायचे होते. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांनी दारे बंद केली, म्हणून त्या वकिलीकडे वळल्या.

कायदा झाला, पण तो नदीकाठापर्यंत पोहोचला नव्हता. येलचे नौकागृह विद्यापीठापासून काही मैलांवर, डर्बी गावी हाऊसॅटॉनिक नदीवर होते. नाव वल्हवण्याचा सराव संपला की मुलगे गरम पाण्याने आंघोळ करीत. मुलींसाठी तशी सोय नव्हती. थंडीच्या दिवसांत घामाने आणि नदीच्या पाण्याने भिजलेल्या त्या मुली बसमध्ये कुडकुडत बसून राहत. मुलग्यांचे आटोपले की बस निघे. एकीला तर न्यूमोनिया झाला. तक्रारी झाल्या, पण न्हाणीघर काही मिळाले नाही.

शेवटी ३ मार्च १९७६ रोजी संघनायिका क्रिस अर्न्स्ट हिच्यासह एकोणीस मुली महिला क्रीडा विभागाच्या संचालिकेच्या कार्यालयात गेल्या आणि त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. प्रत्येकीच्या पाठीवर त्या कायद्याचे नाव लिहिलेले होते. क्रिसने निवेदन वाचून दाखवले आणि काही मिनिटांतच साऱ्या निघून गेल्या. निषेधाची ही रीत आपल्या मर्यादेला रुचणारी नाही. मलाही ती रुचत नाही, आणि आपल्या मुलींनी ती उचलावी असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु रीतीवर बोट ठेवून मूळ तक्रार विसरणे हेही बरोबर नाही. चार वर्षे कायदा असूनही मुलींना ओल्या कपड्यांत बसवून ठेवणारे लोक अशिक्षित नव्हते, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली. विद्यापीठाची नाचक्की झाली आणि पुढे नौकागृहात मुलींचीही सोय करण्यात आली. इतर विद्यापीठांनाही आपापल्या मैदानाकडे पाहणे भाग पडले.

मग ही गोष्ट विस्मरणात जाऊ लागली. मागे राहिले होते एक छायाचित्र, वृत्तपत्रातले कात्रण आणि त्या मुलींच्या आठवणी. आपल्याकडेही असेच होत नाही काय? ज्या आजीने घरच्यांचा विरोध सोसून चौथीपर्यंत शिक्षण घेतले, तिचे बोलणे कोणी लिहून ठेवले आहे? ती गेली की ते सारे तिच्याबरोबर जाते.

येथे ते जाऊ दिले नाही मेरी मॅझिओ या बाईंनी. त्या पेशाने वकील. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्वतः वल्हे मारलेल्या. आपल्या लहान मुलीला, डेझीला, आदर्श म्हणून दाखवायला एखादी स्त्री खेळाडू हवी, या ओढीने त्यांनी क्रिस आणि तिच्या सोबतिणींना बोलते केले आणि १९९९ साली ‘अ हीरो फॉर डेझी’ हा माहितीपट पुरा केला. तेव्हा घटनेला तेवीस वर्षे झाली होती. त्या मुली पन्नाशीकडे झुकलेल्या होत्या, पण बोलणाऱ्या होत्या. आणखी तेवीस वर्षे थांबले असते तर कोणाला विचारणार होते?

आकड्यांची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी एवढेच सांगतो: १९७१-७२ साली अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या क्रीडासंघांत मुली होत्या २,९४,०१५ आणि मुलगे छत्तीस लाखांहून अधिक. २०१८-१९ मध्ये मुलींची संख्या चौतीस लाखांच्या आसपास गेली. मुलगे तरीही पुढेच होते.

क्रिस अर्न्स्टचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या १९७६ आणि १९८० च्या ऑलिम्पिक संघांत तिची निवड झाली; १९८६ मध्ये ती हलक्या वजनगटाच्या दुहेरी नौकास्पर्धेत विश्वविजेती ठरली. पोटापाण्यासाठी मात्र तिने प्लंबरचे काम पत्करले. लोकांच्या घरचे नळ आणि न्हाणीघरे ती दुरुस्त करू लागली.