गाडी मागून बसते तेव्हा

द्राक्षाच्या हंगामात ओझरहून पिंपळगावकडे जाणाऱ्या गाड्या पाहा. मागे पेट्या खच्चून भरलेल्या, शेपूट जमिनीला टेकायला आलेलं आणि दिव्यांचा झोत रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर. त्यावरचा आपला उपाय ठरलेला: एक पाटा वाढवायचा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट आणि पद्मिनीला मागे पाटेच होते, म्हणून हे काम अनेकांनी घरासमोरच उरकलं. पण वाढवलेला पाटा ओझं उतरल्यावर निघत नाही. रिकामी गाडी मग खड्ड्याखड्ड्याला उसळते.

ओझ्याप्रमाणे गाडीनंच आपली उंची सावरावी, ही कल्पना फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीत पॉल माजेस यांनी तडीस नेली. या माणसाकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. १९५४ मध्ये एका मोटारीच्या फक्त मागच्या चाकांना आणि १९५५ मध्ये 'डीएस' मोटारीच्या चारही चाकांना त्यांची रचना बसली. गोष्ट साधी आहे. वायू दाबला जातो, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. पोलादी गोळ्यात एक रबरी पडदा. त्याच्या एका अंगाला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला तेल. नायट्रोजन स्प्रिंगचं काम करतो. ओझं वाढून गाडी बसली की दांड्याला जोडलेला व्हॉल्व्ह उघडतो, पंपाचं तेल आत शिरतं आणि गाडी वर येते. ओझं उतरलं की तेच तेल टाकीत परत. १९६५ च्या रोल्स-रॉइसनंही ही युक्ती परवान्यानं घेतली. पुढे कित्येक युरोपीय वॅगन गाड्यांना ती निदान मागच्या बाजूला मिळाली.

आता यात ओझर कुठे आलं? १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी स्थापन करणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४० मध्ये बंगळूरला विमान कंपनी काढली होती. ती सरकारकडे गेली, १९६४ मध्ये तिची हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली आणि मिग-२१ साठी ओझरचा कारखाना उभा राहिला. विमान धावपट्टीवर आदळतं तेव्हा तो धक्का त्याच्या पायातलं तेल आणि दाबलेला वायूच पचवतात. विमानाचा पाय गाडीसारखी उंची सावरत नाही, एवढाच फरक. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झालं; मात्र तेल आणि वायूचे ते पाय सुखोईलाही आहेत. मोटारवाले ज्या वस्तूला बिचकतात, ती ओझरच्या कामगारांच्या हाताखालून कित्येक दशकं गेली आहे.

म्हणून जुन्या वॅगनची ही रचना उपटून साध्या स्प्रिंगा घालण्याचा सल्ला कुणी दिला की मला वाईट वाटतं. बहुतेक वेळा गेलेला असतो तो गोळ्यातला नायट्रोजन. वर्षानुवर्षं तो पडद्यातून झिरपतो आणि गाडी बैलगाडीसारखी कडक होते. ओझरमध्ये एका परिचितांच्या अंगणात असे दोन गोळे बदलताना मी हाताखाली होतो. अवघड काही नव्हतं, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी गाडी भक्कम स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. मग व्हॉल्व्हचा निचरा-स्क्रू सैल करून तेलाचा दाब पूर्ण उतरवायचा, कारण दाबाखालचं तेल बारीक फटीतून सुटलं तर कातडी भेदून आत जातं. नंतर जुने गोळे काढायचे, नवे बसवायचे आणि टाकीतली गाळणी बदलायची. तेल कंपनीनं सांगितलेलंच घालायचं; ब्रेकचं घातलं तर आतली रबरं फुगतात.

जुना गोळा गेलेला असला तरी त्यात थोडा वायू उरलेला असू शकतो. भंगारवाल्याच्या हातात देताना त्याला तेवढं बजावून सांगा, नाहीतर तो सरळ गॅसकटर लावील.